कुंडीत आणि छोट्या अंगणात सोनेरी मोरपंखी कशी लावावी

मोरपंखी मेल्यानंतरही काही आठवडे हिरवी दिसते, ही गोष्ट हे झाड पहिल्यांदाच लावणाऱ्याने सर्वांत आधी लक्षात ठेवावी. जास्वंदीला पाणी कमी पडले की दुपारी तिची पाने माना टाकतात आणि तुळस रुसली की चार दिवसांत पानगळ सुरू होते. मोरपंखीची खवल्यांसारखी मेणचट पाने मात्र मुळे कुजून गेल्यावरही रंग धरून राहतात, आणि काही बिघडले आहे हे आपल्याला कळते तेव्हा उपायाची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

माझी पहिली मोरपंखी अशीच गेली. सांगलीजवळच्या एका शेतातील काळी माती प्लॅस्टिकच्या कुंडीत भरून मी ती जूनमध्ये लावली. पावसाळाभर ती गच्चीच्या कडेला उभी होती आणि नवरात्रात घरी आलेल्या पाहुण्यांनी तिचे कौतुकही केले. दिवाळीच्या आठवड्यात ती खालून वर तपकिरी होत गेली, तेव्हा पाणी कमी पडत असावे असे समजून मी रोज एक तांब्या जास्त घालू लागलो. शेवटी कुंडी उपडी केली तर गटारासारखा वास आला. एक मुळी चिमटीत धरून ओढली, तेव्हा तिची काळी साल मोजा काढावा तशी निघून हातात आली आणि मागे दोऱ्याएवढा तंतू उरला. पाहुणे ज्या झाडाचे कौतुक करत होते, ते तोवर बहुधा मेलेले होते. पुढे जे सांगितले आहे त्यात पानांपेक्षा मुळांचा उल्लेख जास्त येतो, तो यामुळेच.

नेमके कोणते झाड घ्यावे

नर्सरीत मोरपंखी, थुजा, बायोटा अशी तीन नावे ऐकू येतात. सामान्यतः तिन्ही नावांनी एकच झाड दाखवले जाते. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये त्याला थुजा ओरिएंटॅलिस म्हटले, मधल्या काळात ते बायोटा म्हणून ओळखले गेले आणि १९४९ मध्ये त्याला प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस हे आज मान्य असलेले नाव मिळाले. नर्सरीच्या पाट्यांवर मात्र जुनी नावेच चालू आहेत. मूळचे हे झाड उत्तर चीन, कोरिया आणि लगतच्या रशियाच्या पूर्व भागातले. ओळखायला सोपे आहे: त्याच्या चपट्या फांद्या ताटाळ्यातल्या ताटांप्रमाणे एकीशेजारी एक उभ्या असतात आणि त्याची लहान निळसर फळे, म्हणजे खरे तर शंकू, बाहेरच्या बाजूला वाकलेली बारीक शिंगे घेऊन येतात.

याची साधी जात मोकळ्या जमिनीत पंधरा-वीस मीटरांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे लहान जागेसाठी मुद्दाम बुटकी जात मागावी. तिचे नाव 'ऑरिया नाना'. लॅटिनमध्ये ऑरिया म्हणजे सोनेरी आणि नाना म्हणजे बुटकी. मेणवलीच्या नाना फडणवीसांशी या नावाचा काही संबंध नाही. ही जात अंड्याच्या आकाराची, घट्ट बांध्याची असते, शेंड्यांना पिवळसर सोनेरी झाक असते आणि बऱ्याच वर्षांनी ती माणसाच्या उंचीच्या आसपास पोहोचते. कुंडीत ती त्याहूनही लहान राहते.

इतर सूचिपर्णी झाडांविषयी थोडक्यात सांगतो. 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकले जाणारे झाड बहुतेक वेळा अरोकेरिया असते. लहानपणी ते कुंडीत सुरेख दिसते, पण त्याचा मूळ स्वभाव पन्नास मीटर उंचीचा आहे. जुनिपर आपल्याकडे जगते आणि त्याला लागणारी काळजी पुष्कळशी मोरपंखीसारखीच आहे. पाचगणीच्या रस्त्यांवरचा सिल्व्हर ओक सूचिपर्णी नव्हे. तो ऑस्ट्रेलियातून आलेला, फुले येणारा वृक्ष आहे. बुटका स्प्रूस किंवा निळा स्प्रूस यांची छायाचित्रे पाहून ऑनलाइन मागवण्याचा मोह अनेकांना होतो. त्या झाडांना बर्फाळ हिवाळ्याची विश्रांती लागते. मिरजेच्या एप्रिलमध्ये त्यांचे काय होईल हे सांगायला नको. त्यांच्या बिया म्हणून पाकिटात येणाऱ्या वस्तूवर मी एकदा पैसे घालवले आहेत. उगवला तो राजगिरा होता.

रोप निवडताना

एक ते दीड फूट उंचीचे रोप घ्यावे. तीन फुटी तयार झाड दारात लगेच शोभते खरे, पण लहान पिशवीत कोंडलेली त्याची मुळे नव्या मातीत पसरायला फार वेळ घेतात. रोप हातात घेतल्यावर आधी पिशवीचा तळ पाहावा. नर्सरीत महिनोन्महिने एकाच जागी ठेवलेल्या रोपांची मुळे पिशवीच्या भोकांतून खालच्या जमिनीत उतरलेली असतात, आणि गिऱ्हाईक आले की माळी ते रोप उपटून देतो. तळाशी बोटाएवढे जाड, ताजे तुटलेले मूळ दिसले तर ते रोप परत ठेवावे, कारण त्याचा निम्मा आधार नर्सरीच्या जमिनीतच राहिला आहे. वरून ते आणखी महिनाभर टवटवीत दिसेल, आणि दोष आपल्या पाण्याला लागेल.

त्यानंतर फांद्या दोन्ही हातांनी हलकेच बाजूला करून आत पाहावे. आतल्या बाजूची थोडी पाने वाळलेली असणे स्वाभाविक आहे, मात्र बाहेरच्या शेंड्यांवर तपकिरी ठिपके किंवा करडी मलूल झाक नसावी. शेंडा बोटाने वाकवला तर तो लवला पाहिजे; कुरकुरीत लागला किंवा तुटला, तर झाड आतून वाळत आहे. बुंध्याची साल नखाने किंचित खरवडून खाली ओला हिरवा थर दिसतो का, हेही पाहावे. माळ्याची परवानगी घेऊनच, अर्थात.

महामार्गालगतच्या एका नर्सरीतल्या मामांनी मला सांगितले होते, "रोज पाणी घाला सायेब, बिनघोर ऱ्हावा." त्यांचे चुकले नव्हते. त्यांची रोपे ओंजळभर मातीच्या पिशव्यांत, उघड्या उतारावर, दिवसभर उन्हात असतात आणि त्यांना रोज पाणी लागतेच. तेच रोप आपण दसपट मातीच्या कुंडीत लावले की तो सल्ला लागू राहत नाही.

मातीचे मिश्रण

कृष्णाकाठची काळी माती उसाला आणि हळदीला सोन्यासारखी असली, तरी कुंडीत ती मोरपंखीची वैरीण ठरते. ओली असताना ती लोण्यासारखी चिकटते आणि हवा आत जाऊ देत नाही. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठच्या काही जमिनी अतिपाण्याने क्षारपड झाल्या आहेत; तिथली माती तर कुंडीसाठी मुळीच घेऊ नये. सातारा, कोरेगाव भागांतील मुरमाड माती किंवा महाबळेश्वर-पाचगणीकडील जांभ्याची तांबडी माती यासाठी अधिक योग्य असते. सामूच्या (पीएचच्या) बाबतीत हे झाड फारसे चोखंदळ नाही, किंचित आम्ल आणि किंचित विम्लधर्मी अशा दोन्ही मातींत ते वाढते. त्याला खपत नाही तो फक्त चिखल.

मी वापरतो ते प्रमाण असे: चार घमेली चाळलेली तांबडी किंवा पोयट्याची माती, तीन घमेली बारीक मुरूम किंवा क्रश सँड, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले भाताचे तूस. एकाच कुंडीपुरते करायचे असेल तर घमेल्याऐवजी दोन लिटरचा डबा मोजमापाला घ्यावा. क्रश सँडमधली दगडाची धूळ मात्र चाळून काढलीच पाहिजे, नाही तर ती सिमेंटसारखी घट्ट बसते आणि वाळू घालण्याचा हेतूच उलटा होतो. शेणखत कच्चे असेल तर त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते, आणि ऊसवाल्यांना हुमणी काय करते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली तर बरे.

मिश्रण ओलसर करून मुठीत दाबावे. लाडू वळला पाहिजे, पण बोटाने टोकरताच तो फुटला पाहिजे. फुटला नाही तर मुरूम आणखी घालावा.

कुंडी, आणि तळाच्या खड्यांविषयी

पहिली कुंडी बारा इंची पुरे. लहान रोप एकदम अठरा इंची कुंडीत लावले तर मुळे न पोहोचलेली बाजूची माती कितीतरी दिवस ओलीच राहते आणि कुजण्याची सुरुवात तिथून होते. मातीची कुंडी बाजूंनी श्वास घेते म्हणून नवशिक्याने तीच घ्यावी. जत, आटपाडी, माण या कोरड्या भागांत मात्र ती उन्हाळ्यात फार लवकर सुकते, तिथे प्लॅस्टिक किंवा सिमेंटची कुंडी सोयीची पडते. काळी प्लॅस्टिकची कुंडी एप्रिल-मेच्या उन्हात इतकी तापते की कडेची मुळे शेकून निघतात. ती एका मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत नारळाच्या शेंड्या भराव्यात. गच्चीवर कुंड्या मांडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की भिजलेली बारा इंची कुंडी वीस किलोंच्या पुढे जाते.

कुंडीच्या तळाशी तीन-चार इंच खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, अशी समजूत आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात आहे आणि मीही वर्षानुवर्षे तसे केले. प्रत्यक्षात उलट घडते. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय ते खाली सुटत नाही, आणि त्यामुळे एरवी कुंडीच्या तळाशी राहणारा ओलाचिंब थर खडीमुळे वर, मुळांच्या जवळ येतो. हे पाहायचे असेल तर भांडी घासण्याचा नवा स्पंज पाण्यात भिजवावा आणि आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा धरावा. आणखी पाणी गळू लागते. मातीचा स्तंभ जितका उंच, तितका तो खाली जास्त निथळतो. म्हणून कुंडी पसरट नको, खोल असावी. छिद्रे किमान तीन असावीत आणि त्यांवर माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरते एकेक खापराचे तुकडे उपडे ठेवावेत. त्याहून जास्त काही घालू नये.

लावणी

लावणीची वेळ जागेप्रमाणे बदलते. सांगली, मिरज, तासगाव, कोरेगाव आणि पूर्वेकडील कमी पावसाच्या तालुक्यांत मृगाचा पाऊस होऊन हवा निवाली की, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात, लावणी करावी. महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या पश्चिम भागात मात्र पावसाळा उलटू द्यावा आणि हस्त-चित्रा नक्षत्रांत, ऑक्टोबरमध्ये, लावावे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना एकच वेळापत्रक सर्वांना देण्यात अर्थ नाही.

नर्सरीतील रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, बहुधा चिकट तांबड्या मातीची असते आणि ती वाळली की वीट होते. तशीच ती भुसभुशीत मिश्रणात ठेवली तर पाणी भोवतालच्या मिश्रणातून निघून जाते आणि हुंडीचा गाभा कोरडाच राहतो; किंवा पावसाळ्यात गाभा ओला आणि भोवताल कोरडा, असा दुसरा घोळ होतो. यासाठी पिशवीसकट रोप अर्धा तास बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवावे. मग पिशवी ब्लेडने उभी चिरावी आणि हुंडीच्या बाहेरची साधारण दोन सेंटिमीटर माती बोटांनी किंवा जुन्या काट्या-चमच्याने हलकेच मोकळी करावी. तळाशी वेटोळे घालून फिरणारी मुळे दिसली तर ती उलगडावीत, न उलगडणारी कात्रीने कापावीत. हुंडी पूर्ण फोडून मुळे उघडी करू नयेत. हे झाड तो धक्का सहन करते की नाही, हे आपल्याला दोन महिन्यांनी कळेल.

बुंधा पिशवीत जितका मातीवर होता तितकाच कुंडीत राहील, अशा उंचीवर रोप ठेवावे. बुंध्याभोवती माती चढवली की साल कुजते. कुंडीच्या काठापासून दोन बोटे जागा पाण्यासाठी सोडावी, माती मुठीने ठोसू नये, कुंडी जमिनीवर दोनदा आपटली की ती आपोआप बसते. छिद्रांतून पाणी वाहीपर्यंत भिजवून आठ-दहा दिवस सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी ठेवावे आणि मग पूर्ण उन्हात न्यावे.

अंगणात लावायची असेल तर

आधी एक फूट खोल खड्डा करून तो संध्याकाळी पाण्याने भरावा. सकाळी पाणी तसेच दिसले तर त्या जागी खड्ड्यात झाड लावूच नये. काळ्या जमिनीत मोठा खड्डा खणून त्यात उत्तम मिश्रण भरणे म्हणजे न गळणारा हौद बांधणे होय. चारी बाजूंचे पाणी त्या मऊ जागेत येऊन साचते. त्याऐवजी जमिनीच्या वर एक फूट उंच आणि तीन फूट रुंद असा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. मुरमाड जमिनीत साध्या खड्ड्यात लावले तरी चालते, पण तिथे वाळवीवर लक्ष ठेवावे लागते. भिंतीपासून अडीच-तीन फूट अंतर सोडावे, नाही तर भिंतीकडची बाजू उन्हाअभावी उघडी पडते.

मोरपंखी जोडीने लावावी, एकटी लावू नये, असे आपल्याकडे मानतात. वनस्पतिशास्त्रात याला आधार नाही. मात्र फाटकाच्या दोन बाजूंना दोन झाडे चांगली दिसतात आणि एकाला काही झाले तर दुसऱ्याशी तुलना करता येते, हा जोडीचा खरा फायदा.

पाणी

या झाडाला किती दिवसांनी पाणी घालावे, या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येत नाही. बोट मातीत घालून उत्तर मिळते. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. तिथे ओल लागली तर पाणी घालू नये. बोटापेक्षा खोलचे पाहायचे असेल तर खराट्याचा एक हीर कुंडीच्या कडेने चार-पाच इंच आत घालून पाच मिनिटे ठेवावा. तो काळपट ओला होऊन आणि माती चिकटून बाहेर आला, तर खाली अजून पाणी आहे. काही आठवड्यांनी कुंडी एका बाजूने किंचित उचलून वजनावरूनच कळू लागते.

पाणी घालायचे तेव्हा मात्र पोटभर घालावे. बारा इंची कुंडीला साधारण दोन लिटर लागते, छिद्रांतून वाहून जाईपर्यंत. रोज तांब्याभर शिंपडल्याने वरचा थर ओला आणि तळ कोरडा राहतो, शिवाय मुळे खाली जाण्याऐवजी वरच घुटमळतात. हिवाळ्यात माझ्या कुंड्यांना चार दिवसांनी पाणी लागते, मार्चपासून एक दिवसाआड, आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात रोज सकाळी. उन्हात पडलेल्या पाइपमधले पहिले पाणी चहाच्या आधणाइतके तापलेले असते, ते आधी बाजूला सोडून द्यावे. उन्हाळ्यात मातीवर उसाच्या पाचटाचा दोन इंच थर द्यावा, पण बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

पावसाळ्यात बशी काढून टाकणे हे पहिले काम. कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर ठेवावी, म्हणजे छिद्रांखालून हवा खेळते. संततधार असेल तेव्हा वळचणीचे पाणी कुंडीवर पडत नाही ना, ते पाहावे. आभाळातून पडणाऱ्या पावसापेक्षा पन्हळीतून पडणारा लोट कैक पटींनी जास्त असतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर सांगलीच्या गावभागातील एका परिचितांच्या अंगणातली मोरपंखी पाणी ओसरल्यावर चिखल धुऊन काढताच पूर्वीसारखी हिरवीगार दिसली आणि त्यांना हायसे वाटले. गणपती उठेपर्यंत ती तशीच होती. मग एका पंधरवड्यात सगळी वाळली. पाण्यात बुडालेल्या कुंडीतील झाड वाचवायचे असेल तर पाने हिरवी असतानाच ते बाहेर काढून काळी मुळे कापावीत आणि कोरड्या नव्या मिश्रणात लावावे. थांबून पाहण्यात काही मिळत नाही.

बोअरचे पाणी क्षारांचे असेल तर मातीवर आणि कुंडीच्या बाहेर पांढरा थर धरतो, फांद्यांची टोके जळाल्यासारखी होतात. महिन्यातून एकदा, शक्यतो नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी, नेहमीच्या तिप्पट ओतून माती धुऊन काढावी. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी बचत म्हणून कुंड्यांना घालण्याची पद्धत पडली आहे; त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात, म्हणून ते फरशी पुसायला वापरावे. एसीचे पाणी मात्र खुशाल घालावे.

ऊन आणि खत

रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत सोनेरी झाक जाऊन झाड नुसते हिरवे आणि विरळ होते. बैठकीच्या खोलीत शोभेसाठी ठेवायचे असेल तर दोन दिवसांपेक्षा जास्त नको. सांगलीच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंडीला ऊन आणि भिंतीची धग असा दुहेरी ताप होतो; ती दोन महिने पूर्वेला हलवावी. पंधरा दिवसांनी कुंडी पाव फिरवली की सर्व बाजू सारख्या भरतात.

खत जूनमध्ये दोन मुठी गांडूळखत आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेवढेच. बस. हा ऊस नव्हे. आपल्याकडच्या हातांना युरियाची सवय असते आणि मोरपंखीला मूठभर युरिया घातला की ती खरोखरच भराभर वाढते, पण त्या लुसलुशीत फांद्यांना ताठ उभे राहता येत नाही. पहिल्याच जोराच्या पावसात झाड मधून उघडते, पुस्तक उताणे पडावे तसे. तसे झाले तर जुन्या सुती साडीच्या काठाची पट्टी भोवती सैलसर गुंडाळून ते बांधावे आणि पाऊस संपल्यावर सोडावे. तार किंवा सुतळी वापरू नये, ती सालीत रुतते.

छाटणी आणि विद्या

आपण शाळेत असताना मोरपंखीची डहाळी 'विद्या' म्हणून वहीत ठेवत असू. अजूनही मुले ठेवतात. दारातल्या झाडाला रस्त्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा उपद्रव होतो, पण त्यातून छाटणीचा नियम नीट समजतो. हिरवा शेंडा खुडला तर महिन्या-दोन महिन्यांत जागा भरून येते; मात्र एखाद्याने फांदी पार आतल्या उघड्या, तपकिरी लाकडापर्यंत मोडली तर तिथे पुन्हा पालवी फुटत नाही आणि ते भोक कायमचे राहते. गुलाब किंवा द्राक्षवेल खोडापर्यंत छाटली तरी फुटते. द्राक्षाच्या खरड छाटणीचा तासगावी हात इथे चालत नाही. फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये धारदार कात्रीने बाहेरची एक इंच वाढ तेवढी कापावी, आणि खालचा घेर वरच्यापेक्षा रुंद ठेवावा, म्हणजे खालच्या फांद्यांनाही ऊन मिळते.

आतली जुनी पाने वाळून तपकिरी होतात तेव्हा नवशिके घाबरतात. बाहेर हिरवे आणि आत तपकिरी असेल तर ती झाडाची नेहमीची पानगळ आहे. मे महिन्यात हात आत घालून हा वाळलेला भुगा झाडून काढावा, कारण पावसाळ्यात तो ओल धरून बुरशीला घर करून देतो. उलट बाहेरचे शेंडे तपकिरी होत असतील तर ते मुळांचे, लाल कोळी या किडीचे किंवा क्षारांचे लक्षण समजावे.

कीड

मार्च ते मे लाल कोळी हा मुख्य शत्रू. झाड धुळकट, करडे दिसू लागले की फांदीखाली पांढरा कागद धरून ती टिचकीने झटकावी. कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले, तर तो कोळी. एक दिवसाआड सकाळी पाइपच्या जोरदार फवाऱ्याने फांद्या आतून-बाहेरून धुवाव्यात. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. नाही भागले तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, उन्हात नव्हे. पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशने काढावा. काड्यांची छोटी झोळी लटकताना दिसली तर ती पिशवी अळी असते. झोळी तोडून नष्ट करावी.

कुंडी बदलणे

दोन-तीन वर्षांनी छिद्रांतून मुळे डोकावू लागतात किंवा पाणी वरच तुंबते. लावणीसाठी सांगितलेल्या मोसमातच झाड काढून फक्त दोन इंच मोठ्या कुंडीत लावावे. कुंडी वाढवायची नसेल तर हुंडीच्या कडेची आणि तळाची एकेक इंच मुळे धारदार सुरीने कापून त्याच कुंडीत नवे मिश्रण भरावे. हीच मुळे निरखण्याची संधी असते: टोके पांढरी किंवा फिकट तपकिरी असतील तर सर्व ठीक आहे.

काळी, मऊ आणि वास मारणारी मुळे थोडी असतील तर कापून काढावीत. निम्म्याहून जास्त असतील तर ते झाड सोडून द्यावे, वर कितीही हिरवे असले तरी. त्या कुंडीतील माती दुसऱ्या मोरपंखीला लगेच वापरू नये. ती ओलसर करून मे महिन्यात गच्चीवर चार बोटे जाडीत पसरावी, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा विटांनी दाबाव्यात आणि महिनाभर तशीच तापू द्यावी. कुंडी घासून धुऊन तीही उन्हातच पालथी घालावी.